छत्तीस की अडतीस

मापबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं दुकानातली मंडळी म्हणत. साफ खोटं. कारण नेहमी असायचं, आणि बहुतेक वेळा ते स्वतःच्या पायांनी दुकानात चालत यायचं, पोराला हाताशी धरून, "जरा मोठेच दाखवा" म्हणत.

खेळाच्या सामानाचं ते दुकान लांबट होतं. पुढे चेंडू आणि रॅकेटी, मधे जागच्या जागी धावायची यंत्रं, आणि अगदी मागे, जिन्याखाली, चाकाच्या बुटांचा कोपरा. इनलाइन स्केट्स म्हणजे तळाला एका ओळीत चार चाकं आणि वर घोटा झाकणारा कडक बूट. तो कोपरा चौदा वर्षं बाईंच्या ताब्यात होता. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच पडून होतं. गिऱ्हाइकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मापबाईच म्हणायचे. छप्पन्न वर्षांची ठेंगणी बाई, कानामागे पेन्सिल, चष्मा दोरीला, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

त्याआधीची बारा वर्षं त्यांनी एका इस्पितळाच्या बूट-कारखान्यात काढली होती. तिथे वाकड्या पायांचे, आखूड पायांचे, बोटं गेलेल्या पायांचे बूट बनत. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने त्यांना पाय कसा बघायचा ते शिकवलं. पुढे कारखाना बंद झाला, फोरमन गेला, आणि बाई इथे आल्या. दुकानाचे मालक तेव्हा स्वतः गल्ल्यावर बसत. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, "बाई, तुम्ही विका नाहीतर विकू नका, पण माणूस परत भांडायला येता कामा नये." बाईंनी त्याचा अर्थ असा घेतला की भांडण काय असेल ते विकायच्या आधीच उरकून घ्यायचं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी चारनंतर या, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो आणि सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. जाड मोजे काढा, हे पातळ घाला. पाटावर उभे राहा, बसून नाही, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं. मग बाई स्वतः गुडघ्यावर बसायच्या आणि कागदावर पेन्सिलीने दोन्ही पावलांची रेघ काढायच्या. दोन्ही. माणसाचे पाय सख्ख्या भावांसारखे, दिसायला सारखे आणि मापाला वेगळे, आणि बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा. मग बूट चढवायचा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, लेस बोटांकडून वर ओढत आणायची, मधला तिरका पट्टा लावायचा, वरचं बकल लावायचं. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच आत उचलता कामा नये. एवढं झालं की पंधरा मिनिटं तसंच रबरी चटईवर उभं राहायचं, आणि मग बूट काढून बाई पायावरचे लाल वळ बघायच्या. दोन मिनिटांत जातो तो वळ चालतो, राहतो तो चालत नाही. गिऱ्हाइकाचा कागद तारीख घालून खोक्यात जायचा. अशा एका जोडीला पाऊण तास लागे. तेवढ्या वेळात पुढे पंधरा रॅकेटी खपतात, असं बाईंना ऐकवलं जाई, आणि बाई ते ऐकून घेत नसत.

आणि एवढी सगळी उठाठेव झाल्यावर आईबाप म्हणायचे, "दोन नंबर मोठे द्या. वाढतं अंग आहे."

तिथे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, सदरा मोठा घेतला तर बाह्या दुमडता येतात. पॅण्ट मोठी घेतली तर पट्टा आवळता येतो. चाकांवर उभ्या असलेल्या पोराचा बूट मोठा असला की टाच आत नाचते, घोटा कलंडतो, आणि पोर पुढे जायच्या ऐवजी सगळं बळ नुसतं उभं राहण्यात घालवतं. मग ते पडलं की हेच आईबाप सांगत सुटणार, आमच्या पोराला काही जमतच नाही. पोराला जमत नाही! तुमचे पाय दोन बादल्यांत घालून तुम्हाला पळायला लावलं तर तुम्हाला जमेल? बाई हे मनात म्हणत नसत. मोठ्याने म्हणत, तोंडावर, आणि बादलीचं माप हाताने दाखवून.

काही आईबाप उठून जात. बरेचसे वरमत आणि बाई देतील ते घेत. पण एखादा म्हणे, "मोठे द्या हो, आम्ही पुढे कापूस घालू," आणि मग त्याची धडगत नसे.

कापूस हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. बाईंची स्वतःची बोटं आखडलेली होती, एकूणएक बोट खाली वळलेलं, जमीन धरून ठेवल्यासारखं. लहानपणी आई त्यांना बूट दोन नंबर मोठे घेई आणि पुढे कापसाचा बोळा कोंबी. पहिलं वर्ष बूट निसटू नये म्हणून तो बोटांनी धरून चालायचं. दुसऱ्या वर्षी बूट मापाला येत, तोवर तळ फाटलेला असे. तिसऱ्या वर्षी ते आखूड होत, पण तरी अजून एक वर्ष काढायचंच असे. शाळेच्या दहा वर्षांत मापाचा आणि धड असा बूट त्यांच्या पायाला जेमतेम आठ दिवस लाभला असेल. आईला सांगायची टाप नव्हती. आईचा स्वभाव असा की पोरीने "टोचतंय" म्हटलं की बुटाची राहायची आणि पोरीचीच झडती व्हायची. तेव्हा पोर गप्प बसायला शिकली. मोठेपणी तिने त्या गप्प बसण्याचा पुरेपूर वचपा काढला.

पुढे मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि दुकान त्यांच्या जावयाकडे आलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. बाई त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू. रागाच्या भरात कधीकधी उलटंही होई. जावईबापूंना पायातलं काही कळत नव्हतं, पण पाट्या लावायची भारी हौस. एका बुधवारी सकाळी बाई कामावर येऊन बघतात तर त्यांच्या कोपऱ्यात, त्यांनी स्वतः ठोकलेल्या खिळ्याला, हातभर लांबीची रंगीत पाटी: "मोठे घ्या, दोन वर्षं चालवा!" खाली चित्रात एक पोर चाकांवर उभं राहून दात काढत होतं.

बाईंनी पाटी उतरवली. जावईबापूंनी ती परत लावली. बाईंनी ती परत उतरवली आणि धावायच्या यंत्रामागे सारली.

"बाई, लोकांना हेच हवंय," जावईबापू म्हणाले.

"लोकांना फुकटही हवंय. द्याल?"

"तुम्हाला नीट बोलता येत नाही का?"

"येतं की. नीट वागणाऱ्याशी येतं."

दुकान उघडून अजून वीस मिनिटंही झाली नव्हती.

नेमका त्याच वेळी तो बसवाला आत आला. शहरबस चालवायचा, दुपारपाळीवर होता, म्हणून सकाळी आलेला. खाली गणवेशाची पॅण्ट, वर घरचा सदरा. बरोबर त्याची मुलगी, अकरा वर्षांची, काटकुळी, उभ्या जागीही या पायावरून त्या पायावर डुलणारी. बाप तिला भिंगरी म्हणत होता.

"पायाला भिंगरीच आहे हिच्या," तो कौतुकाने म्हणाला. "दोन वर्षं क्लबचे बूट घालून खेळतेय. रविवारी सकाळी संघाची निवड आहे, आठ जण घेणार. सर म्हणतात, स्वतःचे बूट पाहिजेत. घरात दुसरा विषय नाही बघा आता."

भिंगरी भिंतीवरच्या बुटांकडे असं बघत होती की बापाने सांगितलं ते कमीच होतं. रविवार म्हणजे मधे जेमतेम तीन दिवस. नवा बूट पायाला सरावायला तेवढे तरी हवेतच.

"संध्याकाळी आणा तिला," बाई म्हणाल्या. "सकाळी माप घेत नाही मी."

"संध्याकाळी मी बसवर असतो."

"मग तिच्या आईला पाठवा."

"तिची आई याच आठवड्यात बाहेरगावी आहे, बहिणीकडे. घ्या ना आत्ताच. पाय काय सकाळी वेगळा असतो का?"

असतो, मेल्या, असतो, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ओठ आवळले आणि पाट मांडला.

उजवा पाय, साडेबावीस सेंटिमीटर. सडसडीत, टाच अरुंद, बोटं सरळ. बाईंचा राग जरा उतरलासुद्धा; चांगला पाय पाहिला की त्यांचं तसं व्हायचं. त्यांनी डावा पाय कागदावर घेतला आणि टाचेभोवती पेन्सिल फिरवायला सुरुवात केली, तेवढ्यात वरून आवाज आला, "छत्तीस नंबर येईल ना? मग अडतीस द्या. वाढतं अंग आहे. पुढे कापूस घालू."

पेन्सिल जागच्या जागी थांबली. बाई उठून उभ्या राहिल्या.

"कापूस? कापूसच घालायचा तर पन्नास नंबर घ्या की, आख्खी गादी मावेल!"

"बाई, नीट बोला. बूट मी घेतोय."

"आणि पाय कुणाचा?"

"आम्ही पण असेच वाढलो. काही झालं नाही आम्हाला."

"तुम्ही बस चालवता ना? उद्या डेपोत तुम्हाला अशी बस दिली की ब्रेकपर्यंत पायच पोचत नाही, तर न्याल रस्त्यावर? म्हणाल का, असू दे, वाढतं अंग आहे, दोन वर्षांत पोचेल?"

पुढच्या काउंटरवर दोघं-तिघं हसले. बसवाल्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली. पोरीसमोर हसं झालेला बाप मागे हटत नाही, हे बाईंना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. तो अडतीसवर ठाण मांडून बसला. त्यात जावईबापू काखेत पाटी घेऊन हजर.

"दादा म्हणतात ते बरोबरच आहे. आपली योजनाच आहे तशी."

मग तर तिघांची जुंपली. बाई एका हाताने जावईबापूंना थोपवत होत्या आणि दुसऱ्या हाताने मांडणीवरून छत्तीसचा डबा ओढत होत्या. अडतीस! छत्तीस! अहो, अडतीस द्या म्हणतो ना! माझ्या कोपऱ्यातून अडतीस जाणार नाही, मी इथे उभी आहे तोवर नाही जाणार! शेजारच्या औषधांच्या दुकानातला माणूस दारात येऊन बघून गेला.

त्या गदारोळात भिंगरीच्या पायांत छत्तीस चढले. बाईंचे हात सवयीने चालत होते, लेस, पट्टा, बकल, आणि तोंड बसवाल्याकडे होतं.

"बोटं टेकतात?"

"हो."

"दुखतं कुठे?"

भिंगरीने आधी बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत?" बाई गरजल्या.

पंधरा मिनिटं ती चटईवर उभी राहिली आणि पंधरा मिनिटं तिच्या डोक्यावरून भांडण चाललं. शेवटी बसवाल्याने घड्याळ पाहिलं. त्याला डेपो गाठायचा होता. "द्या छत्तीस," तो म्हणाला. "पण जबाबदारी तुमची."

"माझीच," बाई म्हणाल्या, आणि बूट उतरवून डब्यात घातले.

बापलेक बाहेर पडेपर्यंत त्या कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या. मग त्यांनी जावईबापूंच्या हातातली पाटी घेतली आणि परत यंत्रामागे टाकली. पायावरचे वळ बघायचे राहिले होते. त्याआधी डावा पाय मोजायचा राहिला होता. दोन्हींतलं काहीही बाईंच्या ध्यानात आलं नाही. आपलंच खरं करायच्या भरात माणूस जे रोज न चुकता करतो तेच नेमकं विसरतो.

शनिवारी पाचच्या सुमाराला बसवाला परत आला. आज पूर्ण गणवेशात होता. पाळी बदलून घेतली होती म्हणे. बुटांचा डबा त्याने बाकावर ठेवला. भिंगरी चपला घालून होती आणि डावं पाऊल टाचेवर टाकत चालत होती. त्याच पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं ऐकलं."

बाई नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं. पहिला वार आपण करायचा.

"जाड मोजे घातले असतील हिने."

"तुम्ही दिलेलेच घालते."

"मग लेस वरूनच आवळली असेल. खालून आवळत यायची असते."

"तुम्ही दाखवली तशीच. पाठ आहे तिला."

"टाच आपटली नसेल मागे."

"आपटते. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात."

तो आवाज न चढवता एकेक उत्तर देत होता, आणि त्या न चढणाऱ्या आवाजाचा बाईंना भयंकर संताप आला. भांडणाऱ्याशी त्या दुकान बंद होईपर्यंत लढल्या असत्या. हा भांडतच नव्हता. तो फक्त पोरीच्या अंगठ्याकडे बघत होता.

बाईंनी पाट ओढला आणि डावा पाय त्यावर ठेवला. तेवीस सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. पुन्हा मोजला. तेवढाच. मग त्यांनी खोक्यातून बुधवारचा कागद काढला. उजवीकडे आख्खं पाऊल होतं, पाचही बोटांसकट. डावीकडे टाचेची अर्धी कमान होती आणि पुढे कोरा कागद.

बाई त्या अर्ध्या कमानीकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत, कारखान्यात आणि इथे, एकाही माणसाचा एकच पाय त्यांनी मोजला नव्हता. ज्याला एकच पाय होता तो सोडून. भिंगरीला छत्तीस आखूड होते आणि अडतीस मोठे झाले असते. तिचा नंबर सदतीस होता.

जावईबापू पोचलेच. "दादा, वापरलेले बूट बदलून मिळत नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ही बघा पाटी. बाईंच्याच हातची आहे."

खरं होतं. त्या कोपऱ्यातली तेवढी एक पाटी बाईंनी लिहिलेली होती.

"तरी मी बुधवारी सांगत होतो, मोठे घेतले असते तर..."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. मोठ्यानेच म्हणाल्या, कारण हळू बोलायची सवय नव्हती. पुढच्या काउंटरवरच्या माना वळल्या. "मी हिचा दुसरा पाय मोजला नाही. ह्यांची चूक नाही, पोरीची तर नाहीच. तुमची पाटीही चूक आणि मीही चूक. सदतीस काढतेय मी. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

हे वाक्य त्या दुकानाने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सदतीसची एकच जोडी शिल्लक होती. बाईंनी ती चढवली, या वेळी तोंड बंद ठेवून. टाच घट्ट बसली, बोटं नुसती टेकली. आतलं अस्तर काढून त्यांनी अंगठ्यापाशी कात्रीने थोडं पातळ केलं, नखाभोवती मऊ पट्टी गुंडाळली. फोरमनकडून जे जे शिकल्या होत्या ते सगळं केलं. पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. निवड उद्या सकाळी होती. तीन दिवस पोर दुखऱ्या पायाने आखडून खेळली होती, आणि हा बूट तिच्या पायात आत्ता पहिल्यांदा जात होता.

"आता दुखतं?" बाईंनी विचारलं.

"नाही," भिंगरी लगेच म्हणाली. फारच लगेच. बाईंना ते खटकलं, पण बसवाल्याने डबा उचलला होता, आणि पाहायला लोक जमले होते, आणि बाईंना कधी एकदा ते दोघं जातात असं झालं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं. आधी पंख्यावरून, मग वर्तमानपत्राच्या पसाऱ्यावरून, मग तो काहीच बोलत नाही यावरून. तीस वर्षांच्या संसारात तो बिचारा बऱ्याच गोष्टी शिकला होता. वर्तमानपत्राची घडी घालत तो म्हणाला, "आज कुणाचा राग माझ्यावर निघतोय?" बाईंना उत्तर माहीत होतं, म्हणून त्यांनी ते दिलं नाही.

रविवारी सकाळी कुणी बोलावलेलं नसताना बाई क्लबच्या स्केटिंगच्या रिंकवर गेल्या. कठड्याला लोक लागलेले, पोरं गोल फेऱ्या मारत सुटलेली, चाकांचा घर्रर्र आवाज. भिंगरी तिसऱ्या गटात होती. सरळ पट्ट्यावर ती सुटायची तेव्हा कठड्यावरच्या माना तिच्याबरोबर फिरायच्या. बाईंनी इतके पाय पाहिले होते, पण हे पाय काय करू शकतात ते आत्ता पाहिलं. सरळ जागी तिने दोघींना मागे टाकलं. मग वळण आलं. वळणावर डाव्या पायावर भार आला की ती अंग चोरायची, गुडघा पुरता वाकवायची नाही, आणि मागे टाकलेल्या दोघी परत पुढे जायच्या. प्रत्येक फेरीत तेच. सगळे गट धावल्यावर वेळा लावल्या तेव्हा ती दहावी आली. सरांनी आठ नावं वाचली.

बाईंना सरांचा राग आला, की एवढं पोर डोळ्यांसमोर लंगडतंय तर दिसत नाही का. मग निवडलेल्या आठ पोरांचा आला, ज्यांनी काही केलं नव्हतं. मग बसवाल्याचा, की गुरुवारीच का नाही आणलंत परत, आणि जावईबापूंचा तर काय, तो हाताशीच होता. राग एकेकाच्या दारात जाऊन आला आणि कुणीही दार उघडलं नाही. शेवटी तो जिथून निघाला होता तिथेच परत आला, आणि कठडा धरून उभ्या राहिलेल्या बाईंना पहिल्यांदा स्वतःची चीड आली.

भिंगरी पायरीवर बसली होती, खाली मान घालून बूट सोडत. बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि डावं बकल उघडलं. पट्टीतून रक्त झिरपलं होतं.

"हे कधीपासून दुखतंय?"

भिंगरीने खांदे उडवले. "बुधवारपासून. दुकानातच दुखत होतं."

"मी विचारलं होतं ना तुला! मग बोलली का नाहीस?"

आवाज चढलाच. भिंगरीने पाय मागे घेतला. बाई थांबल्या. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि जन्मात कधी केलं नव्हतं इतक्या कष्टाने आवाज खाली आणला.

"सांग तू. मी ओरडणार नाही."

भिंगरीने बाईंच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग तिने पाय परत पुढे केला.

"क्लबचे बूट मला मोठे होतात," ती म्हणाली. "त्यात मी सारखी पडते. मी दुखतं म्हटलं असतं, तर बाबा म्हणाले असते, बघा, आणि अडतीस घेतले असते."

"अगं, पण सदतीस होते ना!"

"ते मला काय माहीत?" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाजात रडू नव्हतं. राग होता, खणखणीत, बाईंच्या तोंडावर. "तुम्ही दोघं सारखं छत्तीस नाहीतर अडतीस, छत्तीस नाहीतर अडतीस, असंच ओरडत होतात. मला कुणी काही विचारत नव्हतं. मला वाटलं, दोनांतलंच एक मिळणार."

बसवाला पाण्याची बाटली घेऊन मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मापबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मापबाईंकडे पाहिलं. भांडायला आता दोघांकडेही काही नव्हतं.